टॉवर स्पीकरच्या बाजूनं दोन मतं

तुमच्या घरात ज्याला कमी ऐकू येतं, त्याला नेमकं काय ऐकू येतं, हे तुम्ही कधी विचारलंय? काय ऐकू येत नाही, ते नव्हे. ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्याच्यावर घरात चार विनोदही होऊन गेलेले असतात. काय ऐकू येतं, ते.

मी विचारलं नव्हतं. माझ्या निपाणीच्या खोलीत खिडकीच्या दोन बाजूंना कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर उभे आहेत. ते मी निवडले. नुसते निवडले नाहीत, ठराव करून, मतदान घेऊन निवडले. ते मतदान मी जिंकले, म्हणून हे लिहावं लागतंय.

आमचं घर पत्रकांवर चाललेलं घर. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती शिवायचे आणि दोघंही कामगार संघटनेत होते. अक्षरओळख मला पत्रकांवरूनच झाली. एका बाजूला मराठी, पाठीमागं कन्नड, आणि शाई इतकी ओली की वाटताना बोटं काळी व्हायची. चुकून एकाच बाजूला छापलेल्या, पाठकोऱ्या पत्रकांच्या वह्या शिवून मी शाळेत न्यायचे. अभ्यासाची मराठी पुस्तकातून आली असेल, पण रागाची मराठी मला त्या कागदांनी दिली.

घरातले निर्णयही आम्ही सभेसारखे घ्यायचो. कुणाला हसू येईल, पण आम्ही ते गंभीरपणे करायचो. माणसं तीन, म्हणून अध्यक्षपद एकेक महिना फिरतं. प्रत्येकानं आधी कारण सांगायचं, मग हात वर. एखादं घरी नसलं आणि मतं सारखी पडली तर त्या महिन्याच्या अध्यक्षाचं मत दोनदा मोजायचं. आईनं ठरावांसाठी एक लांबट वही केली होती. दुसऱ्या खोलीला रंग कुठला द्यायचा इथपासून ते मला चिकोडीला शिकायला पाठवायचं की बेळगावला, इथपर्यंत सगळं तिच्यात आहे.

त्या वहीतला एक नियम माझा आहे. सहावीत असताना मला सायकल घ्यायचा ठराव झाला आणि आठवड्यानं आप्पांचं मन डळमळलं. हायवेवर गाड्या लई, पोर बारकी. मी उभी राहिले आणि मांडलं की एकदा झालेला ठराव वर्षभर फिरवता येणार नाही. आईनं हात वर केला. आप्पांनीही केला.

"सोताच्याच पायात दोरी बांधतीयास बघ," आप्पा म्हणाले होते.

"माझ्या न्हाय, तुमच्या," मी म्हणाले. आई हसली होती.

आई गाणारी होती. कारखान्याच्या दारात सभा असली की भाषणाआधी ती गायची आणि आप्पा डफ वाजवायचे. गाणं तिचंच. 'ठेव गं बाई सूप खाली, हात झाले पानागत,' अशी सुरुवात. तिची ओळ संपली की डफाच्या दोन जड थापा पडायच्या आणि मागून बायका तीच ओळ उचलायच्या. त्या गाण्याची एकच कॅसेट आमच्याकडे उरली. कुणीतरी टेपरेकॉर्डर नेमका आप्पांच्या पायाशी ठेवला होता, त्यामुळे टेपभर डफ मोठा आणि आई लांब. मला त्या डफाचा राग यायचा. आईच्या आवाजावर घोंगडं टाकल्यासारखा तो वाजतो, असं मी आप्पांना तोंडावर म्हटलेलं आहे.

"मग काय करू? डफ हाय, कुजबुजायचं कसं?" ते म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. विडीच्या धुरळ्यानं छाती आधीच पोखरलेली, त्यात शेवटचे दिवस गणपतीत आले. एका दुपारी मिरवणुकीतली डीजेची भिंत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आईनं छातीवर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला. ती त्यानं गेली असं मी म्हणत नाही. पण तो हात मी विसरले नाही. महिन्याभरात मी त्या भिंतीविरुद्ध पत्रक लिहिलं. जो आवाज कानावर न येता थेट छातीवर येऊन बसतो तो वाद्याचा नव्हे, दांडगाईचा आवाज, असं त्यात होतं. आप्पांनी पिशवी खांद्याला लावून ते घरोघर वाटलं. मंडळांच्या पोरांनी त्यांना हसून हातही जोडले.

आई गेल्यावर तिच्या महिन्याला आम्ही अध्यक्ष नेमला नाही. त्या महिन्यात घरात ठरावच घ्यायचा नाही, असं न बोलता ठरलं.

मग आप्पांचे कान जायला लागले. बेळगावला तपासणी केली. तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे बरी, उजवीकडे जाता जाता दरीत उतरल्यासारखी. बारीक, उंच आवाज गेलेत, त्या म्हणाल्या, बायकांचं बोलणं आधी जातं. कानात घालायचं मशीन दिलं. ते शिट्टी मारतं म्हणून आप्पांनी चार दिवसांत ते काजूच्या डब्यात ठेवून दिलं. मी त्या रेघेचा उजवा भाग पाहिला. दरी पाहिली. डावीकडची, जड आवाजांची सपाट, शाबूत जमीन माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

मी ठरवलं की आप्पांना आईचा आवाज पुन्हा ऐकवायचा. सगळाच जायच्या आत, चांगल्या स्पीकरवर, स्वच्छ. मी चिकोडीच्या शाळेत शिकवते. थोडं साठलं होतं. कॅसेटवरचं गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि एका रविवारी आप्पांना घेऊन बेळगावला, कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात गेले.

मालक म्हातारे, पांढरी टोपी, बोलणं निम्मं कन्नड. "बर्री, कुंदर्री," म्हणत त्यांनी आप्पांचा दंड धरून सोफ्यावर बसवलं. खोलीत दोन जोड्या लावलेल्या होत्या. एक जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर; दुकानात त्यांना टॉवर म्हणतात. दुसरी जोडी वहीएवढ्या छोट्या स्पीकरची, फळीवर ठेवायची, आणि तिच्या जोडीला जमिनीवर एक चौकोनी काळा डबा, म्हणजे सब-वूफर. खालचे, जड आवाज तेवढे डब्याकडे, बाकीचे छोट्यांकडे. डब्याला मागं स्वतःचं वेगळं बटण, जड आवाज हवा तेवढा वाढवता येतो.

टॉवरकडे बघून आप्पा म्हणाले, "हे दोघं तर बंदोबस्ताला आल्यागत उभं हाईत. लाठी तेवढी न्हाय हातात."

मालक हसले. त्यांनी आधी टॉवरवर गाणं लावलं. मी डोळे मिटले. आई पुढं आली. अगदी पुढं, श्वास घेताना तिच्या घशात होणारी खरखर मला ऐकू आली. आणि डफ मागं गेला, जागेवर बसला, जसा मला आयुष्यभर हवा होता तसा. मी रडले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग छोटी जोडी आणि डबा. आता डफ पुन्हा मोठा झाला. पहिल्या दोन थापा पडल्या आणि आप्पा सोफ्यावरून उठले. गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्या काळ्या डब्यावर तळहात ठेवला. गाणं संपेपर्यंत उचलला नाही. मला वाटलं, कुतूहल आहे. ते कशालाही हात लावून बघायचे, दुकानातल्या पोत्यालाही.

"ह्यो डबा बरा हाय," ते म्हणाले.

मालकही म्हणाले, "रूम केवढी तुमची? दहा बाय बारा? मग बघा बाई, तिथं टॉवरला जागा कमी. छोटं बसतंय ते घ्या."

मला वाटलं, हा डबा त्यांना खपवायचाय. माणूस खरं बोलत होता. पण पत्रकं लिहिणाऱ्यांना विक्रेत्याचं खरं लवकर पटत नाही.

"आप्पा, कारण सांगा," मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले. "कारणाशिवाय मत न्हाय."

"बरा वाटतोय."

"बरा वाटतोय हे कारण झालं व्हय?"

ते डब्याकडे बघत राहिले. ज्या माणसानं कारखान्याच्या दारात शंभर वेळा शंभर कारणं मांडली, त्याला त्या गालिच्यावर एक सापडेना. की सापडलं होतं आणि परक्या माणसापुढं, माझ्यापुढं, म्हणवेना?

"आपण ह्याच डब्याच्या इरोधात पत्रक काढलंय. तुम्ही वाटलंय," मी म्हणाले.

"ती भिंत व्हती गं. ह्यो डबा हाय. भिंतीचा राग डब्यावर कशापायी?"

"डबा वाढला की भिंत होती. आईच्या छातीवर हात होता, इसरला तुम्ही?"

हे मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं, कारण मी ओरडूनच बोलत होते. मालक उगाच एक वायर गुंडाळायला लागले.

आप्पा म्हणाले, "फुडच्या महिन्यात बघू की. घाई काय हाय?"

महिना संपायला चार दिवस होते. तो महिना माझा होता, पुढचा आप्पांचा. मतं एक-एक पडणार हे दोघांनाही दिसत होतं.

"फुडचा महिना तुमचा हाय," मी म्हणाले.

ते हसले. "म्हंजे ध्यानात हाय तुझ्या."

"घ्या मत. टॉवरच्या बाजूनं?" मी हात वर केला. "डब्याच्या बाजूनं?" त्यांनी वर केला, कोपरात वाकलेला, अर्धाच. मग अध्यक्ष म्हणून मी पुन्हा हात वर केला. मालक बघतच राहिले. त्यांच्या दुकानात नवरा-बायको भांडलेली त्यांनी पाहिली असतील, पण बाप-लेकीचं मतदान पहिल्यांदाच.

"झालं," आप्पा म्हणाले. "ठराव झाला म्हंजे झाला. चहा पाजा आता, मालक."

अँप्लिफायरही मी असा घेतला की त्याला जड-बारीकचं बटणच नाही. आवाजात कुणी ढवळाढवळ करायची नाही. हेही तत्त्वच.

टॉवर घरी आले. आप्पांनी त्यांच्या खाली घालायला स्वतः रबराचे तुकडे कापले. रोज सकाळी मी शाळेला निघायच्या आधी गाणं लावायचे. आप्पा समोर खुर्चीत बसायचे, हात मांडीवर, मान डोलवत. आई खोलीभर गायची. मला वाटायचं, मी एक चांगलं काम केलं.

आता आठवतं ते असं. त्यांची मान गाण्याबरोबर डोलत नव्हती. गाणं थांबलं तरी थोडा वेळ डोलत राहायची. मी बटण बंद केलं हे माझा हात बघून त्यांना कळायचं. मग ते म्हणायचे, "झ्याक." रोज तोच शब्द. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की चारच्या सुमाराला ते टोपी घालायचे आणि "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून निघायचे. पेन ड्राइव्ह जागेवर नसायचा. त्यांच्या खिशात असायचा. मी म्हटलं, हरवंल. ते म्हणाले, "खिशातच ऱ्हाऊ दे. तुझी आई हाय ती, फळीवर कशाला?" मला ते इतकं आवडलं की मी पुढं काही विचारलं नाही.

सात महिन्यांनी आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी शाळेत होते.

दिवसपाणी झालं. माणसं येऊन गेली. मग महिन्याभरानं एका दुपारी गल्लीच्या टोकाच्या आक्कांनी बोलावलं. आक्का म्हणजे आईची विडीच्या कामातली जोडीदार. दोघींची सुपं शेजारी-शेजारी असायची. त्यांनी चहा ठेवला, बसल्या, पदराचं टोक दोन बोटांत धरून वळत राहिल्या. हात रिकामे असले की त्यांची बोटं अजूनही वळतात.

"सांगू का नगं, असं चाललंतं माझं," त्या म्हणाल्या. "तुझा बा हितं यायचा. रोज, चार वाजता."

"वाचनालयात जायचे ते."

"हितलं वाचनालय," म्हणून त्यांनी टीव्हीच्या खाली बोट दाखवलं. तिथं त्यांच्या मुलानं आणलेला सेट होता. दोन बारके स्पीकर आणि जमिनीवर एक काळा डबा. दुकानातल्या डब्यापेक्षा हलका, कडेला पोपडे आलेला.

"खिशातनं ती काडी काढायचा, सूनबाईच्या हातात द्यायचा. मग फरशीवर बसायचा, त्या डब्याला पाठ लावून. डोळं झाकून तोंड हलवायचा. मी एकदा इचारलं, व्हय रं, येतोय का तिचा आवाज? म्हणाला, तिचा न्हाय येत आक्का. माझा येतोय."

मी त्या डब्याकडे पाहिलं.

"म्हणाला, तिचं गाणं मला पाठ हाय, ते कानानं ऐकाय लागत न्हाय. निस्ती ती कुठं पोचलीया ते कळंना झालतं. थाप पाठीत बसली की कळतंय, आता तिची ही वळ संपली, आता दुसरी धरली. मग मी बी तिच्यासंगं जातो."

चहा उतू गेला. आक्कांनी तो उतरवला आणि परत येऊन बसल्या.

"मला का न्हाय सांगितलं त्यांनी?"

"मी म्हटलं की त्याला, पोरीला सांग, घरीच आणंल असला डबा. तर म्हणाला, घरात ठराव झालाय, वर्सभर फिरवता येत न्हाय, नियम तिचाच हाय. आणि तिला तिच्या आईचा आवाज लई दिवसांनी गावलाय, तो मी कशाला हिसकू." आक्का थांबल्या. "वर्स झाल्यावर मांडतो म्हणाला. महिनं मोजत हुता."

मी सूनबाईंना गाणं लावायला सांगितलं. पेन ड्राइव्ह आप्पांच्या सदऱ्यातून काढून मी तेव्हापासून जवळच ठेवला होता. मी फरशीवर बसले आणि डब्याला पाठ लावली. कानांवर हात दाबून घेतले, इतके घट्ट की आई नाहीशी झाली. पहिल्या दोन थापा पाठीच्या कण्यात आल्या. दांडगाईच्या नव्हत्या. सांभाळून चाललेल्या होत्या, पुढच्या माणसाचा पाय कुठं पडतोय ते बघत मागून चालावं तशा. जो डफ आईच्या आवाजावर घोंगडं टाकतो म्हणून मी खाली बसवला, तो आईला धरून होता. गाणं मलाही पाठ आहे; ओळीच्या मध्ये ती श्वास घ्यायला थांबते तिथं तोही थांबतो. इतकी वर्षं टेप ऐकून हे मला कळलं नव्हतं.

जड आवाज म्हणजे जुलूम, असं मी छापलं होतं. अजूनही ती भिंत मला जुलूमच वाटते, पत्रकातला एक शब्द मी मागं घेत नाही. पण पत्रकाला तोंड असतं, कान नसतात. एका माणसाच्या पाठीला लागलेला डबा आणि एका गावाच्या छातीवर बसवलेली भिंत यांतला फरक बघायला मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. मी कारण मागितलं. कारण मागणं आणि विचारणं ही एकच गोष्ट आहे, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. आप्पांनाही वाटायचं, म्हणून तर त्यांना उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन मी वही काढली. शेवटचा ठराव माझ्या अक्षरात आहे. 'टॉवर स्पीकर घ्यावेत. बाजूनं एक, विरुद्ध एक. अध्यक्षांचं निर्णायक मत बाजूनं.' खाली आप्पांची सही, नेहमीसारखी, ठसठशीत, रेघेवर. वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा चार महिने होते. ते झाले, उलटूनही गेले. ठराव आता फिरवता येतो. मांडायला मी आहे, पण ज्याच्यासाठी मांडायचा तो नाही, आणि अनुमोदन द्यायलाही कुणी नाही. टॉवर जागेवर आहेत. त्यांच्यात खोट काही नाही. आई त्यांच्यातून अजूनही सुरेख गाते, आणि मी एकटी ऐकते.

तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती आजच पाळा. संध्याकाळी चहाच्या वेळी घरातल्या कमी ऐकू येणाऱ्या माणसासमोर, त्याला तुमचं तोंड दिसेल असं, बसा. ओरडू नका. टीव्ही बंद करा. त्याला विचारा, तुला काय ऐकू येतं? कुठं बसल्यावर येतं? कशाला हात लावल्यावर येतं? तो आधी "झ्याक" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका, पुन्हा विचारा. त्याचं सांगून होईपर्यंत तुमचा हात खालीच राहू द्या.